जुनेर, बाळोते आणि सरकारी यादी

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. पण कृष्णाकाठचा हा मुलूख मुळात एकाच अंगणातला. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा प्रदेश एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा करण्यात आला, आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. ह्या मुलखाचा इतिहास सांगायला लागले की छत्रपतींची गादी येते, प्रतिसरकार येते, कर्मवीरांची रयत शिक्षण संस्था येते, साखर कारखाने येतात. हे सर्व आम्हांला पूज्य आहे. परंतु ह्याच मुलखातल्या घराघरांत आणखी एक इतिहास घडत आला आहे, आणि तो अजून कोणी व्यासपीठावर मांडलेला फारसा दिसत नाही. तो इतिहास आहे फाटक्या लुगड्याचा.

लुगडे नेसून विरले की त्याचे जुनेर होई. त्या जुनेराच्या दोन वाटण्या ठरलेल्या असत. मऊ भाग तान्ह्या मुलाच्या बाळोत्यांना आणि दुपट्यांना. उरलेला भाग घरातल्या बायकांना, महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी. ह्यासाठी ना बाजारात जावे लागे, ना कोणापुढे हात पसरावा लागे. म्हणून पुष्कळांची अशी समजूत झाली आहे की, पूर्वी ही गरज फुकटात भागत होती आणि आता कंपन्यांनी ती विकत घ्यायला लावली. ह्या समजुतीत थोडे तथ्य आहे. पण जुनेर फुकट नव्हते. त्याची किंमत बाई भरत होती. ती पैशात मोजली जात नव्हती एवढेच.

कपड्याची घडी निर्धोक राहायची तर चार गोष्टी लागतात: पुरेसे जुने कापड, धुवायला पाणी, वाळवायला ऊन, आणि हे सगळे करायला आडोसा. ज्या घरात दोन-चार लुगडी होती, परसात विहीर होती आणि न्हाणीला दार होते, तिथे हे साधत असे. पण माण, खटाव, आटपाडी, जत ह्या दुष्काळी पट्ट्यात जिथे प्यायच्या पाण्याला कोसभर चालावे लागे, तिथे बाळोती धुवायला पाणी कुठले? आणि जिथे बाईच्या अंगावरच एक लुगडे, तिथे जुनेर कुठून निघणार? दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की सरकारला १९४३ साली कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. लुगड्याची टंचाई म्हणजे पुढल्या साली जुनेराची टंचाई, हे रेशनची यादी करणाऱ्याच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. उन्हाचे तर विचारूच नका. घडी उन्हात टाकायची लाज, म्हणून ती दुसऱ्या कपड्याखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळे, आणि ओलसर राही. बाळोते मात्र अंगणातल्या दोरीवर सर्वांदेखत वाळत असे. एकाच लुगड्याचे दोन तुकडे. एकाचे कौतुक, दुसऱ्याचा विटाळ. आमच्या मते पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली ह्या दोन तुकड्यांत आहे.

आता सरकारच्या आणि कायद्याच्या बाजूने पाहू. मूल आणि आई ही कायद्याच्या नजरेत प्रथम आली ती गिरणीच्या दारातून. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती साहाय्याचा कायदा झाला. त्या विधेयकाला पाठिंबा देताना २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण स्त्रीच्या श्रमातून ज्या मालकाला लाभ होतो, त्यालाही तो भार टाळता येणार नाही. बाबासाहेबांचे इंग्रजी शिक्षण साताऱ्यास सुरू झाले. १९०० साली तिथल्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. आमच्या मुलखाशी त्यांचे हे नाते आहे म्हणून नव्हे, तर त्यांनी मांडलेला हिशेब आजही अचूक आहे म्हणून आम्ही तो इथे सांगतो. बाईच्या शरीराचा खर्च हा तिचा खाजगी खर्च नाही. त्यात समाजाचा आणि मालकाचा वाटा आहे, हे तत्त्व तेव्हाच मांडले गेले.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाना नियमांत पाळणाघरातील मुलांसाठी स्वच्छ कपडे, साबण आणि टॉवेल यांची तरतूद होती. ही तरतूद किती ठिकाणी पाळली गेली हा प्रश्न वेगळा. तरी बाळोत्याचा धाकटा भाऊ म्हणता येईल असा कपडा सरकारी नियमाच्या कागदावर आला, हे विसरू नये. पण तो कारखान्याच्या फाटकाच्या आत. फाटकाबाहेर शेतात, बांधावर, खडी फोडण्याच्या कामावर ज्या बाया होत्या, त्यांना हा नियम शिवलाही नाही.

फाटकाबाहेरच्या माणसाला कामाचा हक्क देण्याची कल्पना मात्र आमच्याच मुलखात रुजली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तीच कल्पना महाराष्ट्रभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली तिचे देशव्यापी रूप आले. ह्या कामांवर बाया मोठ्या संख्येने येत. कामाच्या जागी प्यायचे पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी आणि लहान मुलांची देखभाल ह्या सोयी देण्याचे ठरले. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तहान आहे, ऊन आहे, जखम आहे, मूलही आहे. पण पाळी आलेल्या बाईने दिवसभर उघड्या माळावर काय करायचे, ह्याचे उत्तर त्या यादीत नव्हते. यादी करणारे दुष्ट नव्हते. जी गोष्ट कोणी मोठ्याने बोललेच नाही, ती यादीत उतरली नाही, इतकेच.

दरम्यान जगाच्या बाजारात ही गरज वस्तू होऊन आली होती. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा पदार्थ बनवला गेला. त्याचा दुसराही उपयोग परिचारिकांनी हेरला, आणि १९२० साली अमेरिकेत तयार पॅड विक्रीला आले. आपल्याकडे ते आले ते औषधाच्या दुकानातून, वर्तमानपत्रात गुंडाळून. ते महाग होते. आणि सरकार त्यावर करही घेत होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पॅडवर १२ टक्के कर बसला. पूर्वीच्या करांचा एकत्रित भार १३.६८ टक्के होता, म्हणजे आता कमीच झाला, असे सरकारने सांगितले. बायकांनी आणि संघटनांनी विचारले, कुंकवाला आणि बांगड्यांना कर माफ, मग ह्याला का नाही? वर्षभराच्या ओरडीनंतर २७ जुलै २०१८ पासून हा कर शून्य झाला. मुलांच्या डायपरला मात्र १२ टक्के कर चालूच राहिला. तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी ५ टक्क्यांवर आला. कर गेला म्हणजे किंमत तेवढीच उतरते असे नाही, कारण कच्च्या मालावरचा कर कारखानदार मग किमतीतच धरतो. तरीसुद्धा ह्या लढ्याचे मोल आहे. पहिल्यांदाच हा विषय अंदाजपत्रकाच्या भाषेत बोलला गेला.

मदतीच्या योजनांचा इतिहास त्याआधी थोडा सुरू झाला होता. २०११ साली केंद्र सरकारने देशातील निवडक जिल्ह्यांत ग्रामीण मुलींसाठी सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना देण्याची योजना काढली. आशा कार्यकर्तीने ते घरोघर विकायचे आणि पाकिटामागे एक रुपया मिळवायचा. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळेतील ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांना, आणि गावातील इतर स्त्रियांना चोवीस रुपयांपासून. विक्री बचत गटांनी करायची. त्याच वर्षी जून महिन्यात केंद्राच्या जनऔषधी दुकानांतून अडीच रुपयांना एक पॅड मिळू लागले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची किंमत एक रुपया झाली. तान्ह्या मुलांसाठी २६ जानेवारी २०१९ पासून राज्याने पहिल्या बाळंतपणाला सुमारे दोन हजार रुपयांचा बाळसंच देण्याचे ठरवले. त्यात झबली, गादी, टॉवेल, मच्छरदाणी यांच्याबरोबर डायपरही होते. म्हणजे जुनेराचे दोन्ही तुकडे दहा-अकरा महिन्यांच्या अंतराने सरकारी कागदावर आले, ही लहान गोष्ट नव्हे.

आता कामगाराच्या सवयीप्रमाणे थोडा हिशेब करू. अस्मिताचे पाकीट चोवीस रुपयांचे. घरात आई आणि शाळा सोडलेल्या दोन मुली. एका पाळीला एकच पाकीट धरले तरी महिना बहात्तर रुपये. २०१८-१९ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २०३ रुपये होती. म्हणजे दिवसाच्या मजुरीचा तिसरा हिस्सा ह्या एका खर्चात. घरात तान्हे मूल असेल आणि दिवसाला तीनच डायपर धरले तरी महिन्याला नव्वद होतात. त्याचा हिशेब मजुराने मांडायचाच नाही. आणि ज्या घरात अंगावरून वारे गेलेला म्हातारा अंथरुणाला खिळला आहे, तिथले काय, हे सून सांगत नाही आणि कोणी तिला विचारतही नाही. गरिबाच्या घरात खर्चाला कात्री लागते, तेव्हा ती मालकाच्या विडीला आधी लागत नाही. बाईच्या ह्या वस्तूला आधी लागते.

शिवाय ह्या योजनांत एक मूळचाच दोष राहिला. त्या योजना होत्या, हक्क नव्हते. पुरवठ्याचा ठेका, बचत गटाची मागणी, अनुदानाची रक्कम ह्यांतली एक कडी तुटली की पाकीट गावात येत नाही, आणि पाकीट आले नाही म्हणून कोणत्या बाईला कोणाकडे दाद मागता येत नाही. अस्मिता पुढे थंडावली. मे २०२२ मध्ये ग्रामविकास खात्याने दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांना एक रुपयात दहा पॅड देण्याची घोषणा केली आणि १५ ऑगस्टचा मुहूर्त सांगितला. पण जूनअखेर ते मंत्रिमंडळच गेले. घोषणेचे आयुष्य घोषणा करणाऱ्याच्या खुर्चीएवढे असते. कायद्याचे तसे नसते. मंत्री बदलला म्हणून प्रसूतीची रजा बुडाली असे कोणी ऐकले आहे काय?

हीच गोष्ट संकटाच्या वेळी लख्ख दिसली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. हजारो कुटुंबे शाळांत आणि मंगल कार्यालयांत राहिली. सरकारी मदतीच्या नियमांत कपडे आणि भांडी यांच्या नुकसानीला जागा होती, धान्याला जागा होती. पण अंगावरच्या ओल्या लुगड्यानिशी बाहेर पडलेल्या बाईला त्याच रात्री काय लागते, आणि कडेवरच्या मुलाला काय लागते, हे सांगायला स्वयंसेवी संस्थांना वेगळी आवाहने करावी लागली. लोकांनी ती मदत मोकळ्या हाताने पाठवली. पण तो लोकांचा चांगुलपणा झाला. नियम झाला नाही.

पुढच्याच वर्षी करोनाच्या टाळेबंदीत आणखी एक बोलकी गोष्ट घडली. पहिल्या हुकुमात जीवनावश्यक माल कोणता, ह्याबद्दल घोटाळा झाला. तेव्हा २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने खुलासा काढला की, किराणा मालात साबण, दंतमंजन वगैरेंबरोबर सॅनिटरी पॅड आणि डायपर हेही धरावेत. आम्हांला ह्या खुलाशाचे ऐतिहासिक महत्त्व वाटते. जुनेराचे ते दोन तुकडे तिथे एका ओळीत, शेजारी शेजारी, जीवनावश्यक म्हणून नोंदले गेले. जी वस्तू ट्रकात भरून रस्त्यावरून जाण्यापुरती जीवनावश्यक आहे, ती पैसे नसलेल्या माणसाच्या घरात जाण्यापुरती जीवनावश्यक का नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न कोणासाठी विचारायचा, हे पाहायला दूर जाण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास वाळवा, पलूस, कराड, सातारा ह्या तालुक्यांतल्या रस्त्यांनी बीडकडून आलेल्या टोळ्या दिसू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, काम दोघांचे, आणि दिवस बुडाला तर खाडा. पहाटे फडात जायचे, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, रात्री कोपीवर येऊन चूल पेटवायची. कोपीला न्हाणी नाही, फडाला आडोसा नाही, पाणी पाटाचे. जुनेराला लागणाऱ्या ज्या चार गोष्टी आम्ही वर सांगितल्या, त्यांतली एकही तिथे धड नाही. तान्हे मूल बांधावर, उसाच्या पाचटावर झोपवलेले. आणि त्या बाईच्या घामावर आमच्या ह्या सुपीक मुलखाची साखर चालते.

२०१९ साली ह्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा बायांत एक! ह्याची कारणे अनेक आहेत: लहान वयातली लग्ने, खाजगी दवाखान्यांची हाव, कर्ज, भीती. सगळे खापर एका कपड्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण पाळीच्या दिवशी काम थांबले तर खाडा, आजार अंगावर काढला तर दवाखाना, आणि दवाखान्यात सोपा उपाय म्हणून शस्त्रक्रिया, ही साखळी त्या बायांनीच सांगितली आहे. ज्या व्यवस्थेत पाळी असणे परवडत नाही, तिथे बाई शरीराचा अवयव देऊन सुटका करून घेते, ह्याहून कठोर निवाडा आमच्या प्रगतीवर दुसरा कोणता असेल?

आता काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, सरकारने काय काय फुकट द्यायचे? ह्याला इतिहासच उत्तर देतो. फिनलंड हा देश आज श्रीमंत आहे, पण १९३८ साली तो गरीब होता आणि तिथे बालमृत्यू फार होते. तेव्हा त्यांनी गरीब आयांना बाळंतपणाची पेटी द्यायला सुरुवात केली. तीत कपडे आणि लंगोट असत. १९४९ पासून ती पेटी सर्व आयांना मिळू लागली, आणि तीसाठी गरोदरपणात वेळेवर तपासणी करून घेण्याची अट घातली गेली. म्हणजे लंगोटाच्या निमित्ताने आई दवाखान्यापर्यंत आली. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२० मध्ये कायदाच केला, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून ज्याला गरज आहे त्याला पाळीची साधने मोफत देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. जपानच्या १९४७ च्या कामगार कायद्यात पाळीच्या त्रासाची रजा आहे. आणि हे सगळे परदेशातच होते असेही नव्हे. बिहारमध्ये १९९२ साली सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची अशी रजा मिळाली, ती कर्मचाऱ्यांच्या आंदोलनानंतर.

दुसरा आक्षेप जाणत्या बायकांचाच आहे: कपडा काय वाईट होता? धुतलेला, उन्हात वाळवलेला सुती कपडा मुळीच वाईट नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, मदत म्हणजे पॅडच असे नव्हे. जिला कपडा हवा तिला चांगला कपडा, साबण, पाणी आणि दाराची न्हाणी मिळावी. जिला पॅड हवे तिला पॅड मिळावे. निवड तिची असावी. कोपीवरच्या बाईला आज निवडच नाही.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा, आणि तो खरा आहे. वापरलेले पॅड आणि डायपर शेवटी कोणाच्या तरी हातात येतात. ते हात सफाई कामगाराचे असतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर पाकिटाबरोबर विल्हेवाटीची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली, आणि नागरिकांनी ते वेगळे बांधून द्यावे असे सांगितले. एका कामगार बाईची सोय दुसऱ्या कामगाराच्या अंगावर टाकायची नसेल, तर वाटपाच्या खर्चातच विल्हेवाटीचा खर्च धरला पाहिजे.

तात्पर्य काय? कोणतीही मागणी आधी कुजबूज असते, मग तक्रार होते, आणि शेवटी करारातले कलम होते. जुनेराची गोष्ट आता तक्रारीपर्यंत आली आहे. तिला कलमापर्यंत नेण्याच्या जागा आमच्या मुलखात तयार आहेत. ऊसतोडणीच्या दरांचा करार संघटना आणि साखर संघ यांच्यात होतच असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मिळाली. ज्या टेबलावर टनाचा भाव ठरतो, त्याच टेबलावर तळावर न्हाणी, पाणी, महिन्याची साधने, तान्ह्या मुलांचे कपडे आणि पाळीच्या दिवसाचा खाडा बंद, ही पाच कलमे बसू शकतात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झालेले आहे, आणि त्याला टनामागे पैसा मिळावा असे ठरलेले आहे. पुराच्या मदतीच्या नियमात कपडे-भांड्यांच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालायला कागद कमी पडणार नाही.

सावित्रीबाई फुले ह्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्या नावाने १९९२ साली महाराष्ट्राने शाळेत येणाऱ्या गरीब मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत का येत नाही, ह्याची काळजी सरकारने तेव्हा पैशात मोजली. पाळी सुरू झाल्यावर तीच मुलगी महिन्याचे चार दिवस घरी बसते, हाही उपस्थितीचाच प्रश्न आहे. यंदाच्या हंगामात टोळ्या येतील, तेव्हा ह्या व्याख्यानमालेला येणाऱ्या भगिनींनी एकदा तळावर जावे, तिथल्या बायांजवळ बसावे आणि त्यांच्याच तोंडून यादी लिहून आणावी. मागणीपत्रक लिहायला आमच्या संघटनेची माणसे आहेतच. पण ती यादी त्यांच्या शब्दांत असली पाहिजे.